सदुसष्ट टंच

मालन साळुंखे लग्न होऊन विरुदुनगरला आली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. गाडीतून उतरल्यावर पहिला वास आला तो मिरच्यांचा. गावभर मिरच्यांच्या वखारी. तिला जो ठसका लागला तो दुकानापर्यंत थांबला नाही, आणि दुकानात शिरल्यावर तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, वाफेनं दुसरा लागला. नवरा हणमंत हसून म्हणाला, होईल सवय. सवय झाली. पण ते हसणं तिला आवडलं नव्हतं, आणि तसं तिनं त्याला त्याच दिवशी तोंडावर सांगितलं.

विट्याकडच्या गावांतली माणसं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कुणाचा चुलता अमृतसरला, कुणाचा मेव्हणा कटकला, कुणी पार आसामात. गावाकडं माळ आणि कुसळं, म्हणून आज्या-पणज्यांनी हा धंदा धरला. लोकांनी मोडीत काढलेले डाग, म्हणजे दागिने, घ्यायचे, मुशीत घालून वितळवायचे, त्यात शंभरात चोख सोनं किती ते सांगायचं, मग तेजाबात उकळून तांबं-चांदी वेगळी काढायची आणि निखळ सोनं पेढीवाल्याच्या हातात द्यायचं. शंभरात किती, तो टंच. बावीस कॅरेटचा डाग म्हणजे ब्याण्णवला जरासा कमी. विरुदुनगरात आपल्या माणसांची अशी पाच-सहा दुकानं, सगळी सराफांच्या मागच्या एकाच बोळात. दिवसभर गल्लीत तमिळ आणि चुलीपाशी मानदेशी.

मालनला मूल झालं नाही. दुपारी घरात एकटं बसवेना म्हणून ती दुकानाच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, हणमंतला हात लावायला लागली. तेजाब ओतून दिलं की भांड्याच्या तळाला तपकिरी गाळ उरतो. नवख्या माणसाला तो विटकरीचा चुरा वाटेल. तेच चोख सोनं. ते पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, कण वाहून जाऊ न देता. हे काम घाईच्या माणसाचं नाही, आणि हणमंत घाईचा होता. हळूहळू धुण्याचं काम मालनचं झालं, मग मूस लावायचं, मग कसोटीच्या दगडावर डाग घासून रेघ बघायचं. रेघेचा रंग बघून ती टंच सांगायची आणि पडद्यापलीकडून हणमंत तो आपल्या तोंडानं गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, साळुंखेचा डोळा काय तयार आहे.

हणमंत गेला तो छातीच्या विकारानं. वर्षानुवर्षं वाफ ओढून आतून पोखरला होता. गावाकडं नेऊन सगळं यथासांग झालं. दिवस सरल्यावर धाकटा दीर संपत, ज्याचं करूरला स्वतःचं दुकान होतं, सोप्यात येऊन बसला. त्यानं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. विरुदुनगरचं दुकान त्याचा मोठा मुलगा बघेल, वहिनीनं गावात राहावं, तिच्या जेवणाखाण्याला काही कमी पडणार नाही. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आपण भलंच करतो आहोत अशी त्याची खात्री होती.

मालननं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोराला टंच काढाय येतो का?"

"शिकंल की."

"मला येतो. मग मी का उठायचं?"

संपत म्हणाला, की बाईमाणसानं तेजाबापुढं बसायचं नसतं. मालन म्हणाली, की ती बारा वर्षं तिथंच बसली आहे, पडदा होता म्हणून कुणाला दिसलं नाही, आता पडदा काढणार आहे. सासू कोपऱ्यात बसून रडत होती. मालननं तिच्या पायावर डोकं ठेवलं, पिशवी उचलली आणि विरुदुनगरला परतायला विट्याची गाडी धरली. काचेच्या बांगड्या गेल्या होत्या, पण सासूनं लग्नात घातलेल्या सोन्याच्या पाटल्या हातात तशाच होत्या. त्या काढ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुकान उघडल्यावर पहिलं वर्ष बरं गेलं. बाजारातल्या पेढ्यांना काम वेळेवर मिळाल्याशी मतलब. समोर लुगड्यातली बाई बसली आहे की धोतरातला बाप्या, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मराठी अक्का हे नाव तिला तेव्हाच पडलं.

पण पडदा गेला तशी एक गोष्ट तिच्यापुढं उघडी झाली. तिला ती आधीपासून ठाऊक होती, पण आजवर तिच्या तोंडून कुणी वदवून घेतली नव्हती. जुना डाग मोडायला गिऱ्हाईक पेढीवर जातं. पेढीवाला तो टंच काढायला गलाईच्या दुकानात पाठवतो. पाठवताना त्याचा माणूस सोबत असतो, आणि त्याच्या खांद्यावरच्या पंच्याखाली दोन किंवा तीन बोटं हलतात. तितका टंच कमी सांगायचा. अठ्ठ्याऐंशी निघालं तर पंच्याऐंशी. गिऱ्हाइकाला पंच्याऐंशीचे पैसे, वरचं सोनं पेढीचं, आणि त्यातला चिमूटभर वाटा गलाईवाल्याचा. सगळ्या गल्लीत हे चालायचं. हणमंतही करायचा. मालननंही केलं, वर्षभर. बोटं बघायची, आकडा सांगायचा. दर वेळी तिला तोंडात तांब्याची चव आल्यासारखं व्हायचं, आणि तरी ती सांगायची.

मग धनकोडी आली.

धनकोडी काडेपेटीच्या कारखान्यात कामाला जायची. चाळिशीची, काळीसावळी, बोटांना काड्यांच्या मसाल्याचे डाग पडलेली. तिची आई वारली होती. आईच्या कानात ते जुन्या वळणाचे जाडजूड डाग असायचे, चौकोनी ठोकळे एकावर एक रचल्यासारखे, ज्यांच्या भारानं म्हातारीच्या कानाच्या पाळ्या खांद्याला टेकल्या होत्या. ते मोडून धनकोडीला बसस्टँडच्या रस्त्यावर इडलीचा गाळा घ्यायचा होता. वैद्यलिंगम मुदलाळीच्या पेढीवर तिनं ते दिले. मुदलाळी म्हणजे मालक. हा बाजारातला सगळ्यात मोठा मालक, कपाळाला विभूती, आवाज कधी चढायचा नाही. त्याचा माणूस सुडलै डाग घेऊन मालनच्या दुकानाकडं निघाला आणि धनकोडीला म्हणाला, बस इथंच, आलोच.

ती बसली नाही. त्याच्या मागोमाग बोळात आली आणि मालनच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

सुडलै वैतागला. "तुला बसायला सांगितलं होतं ना? हे कामाचं ठिकाण आहे."

"आईचे कान आहेत ते," धनकोडी म्हणाली. "विस्तवात घालताना मी इथं असणार."

सुडलैनं मालनकडं पाहिलं, की हिला हाकल. मालननं एक पाट सरकवला आणि धनकोडीला म्हणाली, "बस. जवळ बस, पण भट्टीकडं तोंड करू नको, डोळे जातील."

डाग आधी फोडावे लागले. आत लाख भरलेली होती. विस्तवाला लागताच ती वितळून जळाली, काळा धूर झाला, आणि उरलेलं सोनं तागडीत घातल्यावर वजन निम्म्याच्या खाली आलेलं दिसलं. धनकोडी ताडकन उठली.

"बाकीचं कुठं गेलं?"

"बाकीची लाख होती," मालन म्हणाली. "पत्रा सोन्याचा, पोट लाखेचं. तुझी आई जन्मभर लाखेचा भार वाहत होती. ह्या डागांना असंच करतात, त्यात फसवणूक नाही. पण पेढीवर कुणी तुला आख्ख्या वजनावर काही सांगितलं असेल तर ते विसर. पैसा पत्र्याचा आहे, आणि पत्र्यातही जितकं चोख असेल तेवढ्याचाच."

आपल्या गिऱ्हाइकाला कुणी इतकं समजावून सांगताना सुडलैनं कधी पाहिलं नव्हतं. सोनं मुशीत गेलं, रस झाला, साच्यात ओतला, थंड झाल्यावर मालननं कांडी दगडावर घासली. शेजारी माहीत असलेल्या टंचाच्या सुयांच्या रेघा ओढल्या. तेजाबाचा थेंब सोडला. अठ्ठ्याऐंशीच्या सुईशी रेघ मिळाली. पंच्याखाली सुडलैची बोटं हलली, आणि ती तीन नव्हती, चार होती. बाई कारखान्यातली, एकटी, मागं पुरुषमाणूस दिसत नाही, म्हणून चार.

मालननं बोटं बघितली. मग धनकोडीकडं तोंड करून म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी. शंभरात अठ्ठ्याऐंशी भाग सोनं. पेढीवर कुणी विचारलं तर सांग, अक्कानं तुझ्यासमोर सांगितलं."

सुडलैनं कांडी झटक्यात उचलली आणि पेढीकडं निघाला. तिला त्या वेळी भीती वाटली नाही. भीती नंतर, भाकरी थापताना वाटली.

दुसऱ्या दिवशी वैद्यलिंगमनं बोलावून घेतलं. पितळी पेल्यात कॉफी दिली, हणमंतची आठवण काढली, तो किती समजूतदार होता ते सांगितलं. मग म्हणाला, "मालनम्मा, तू परक्या गावात एकटी राहतेस. या बाजारानं तुला सांभाळलं. बाजाराची एक रीत असते. काल तू ती मोडलीस. झालं ते झालं, पुढं जपून राहा."

मालन म्हणाली, "मुदलाळी, भाव तुम्ही ठरवा. द्यायचे तेवढे पैसे द्या, नाहीतर देऊ नका. पण सोन्यात किती आहे ते तुम्ही ठरवत नाही आणि मी पण ठरवत नाही. ते आत आहे तेवढं आहे. मी ते वाचून सांगते. आता चुकीचं वाचणार नाही."

"मग वाचायला तुझ्याकडं काही येणार नाही," तो म्हणाला, आणि तितक्याच मऊ आवाजात कॉफी आणखी हवी का विचारलं. तिनं नको म्हटलं. पेला मात्र रिकामा करून ठेवला.

त्या आठवड्यापासून तिच्या दुकानात एकाही पेढीचं काम आलं नाही. बोळातल्या आपल्या माणसांना निरोप गेले होते, की साळुंखीणबाईला जो आपल्यातलं काम देईल त्याचंही बंद. ते बिचारे मान खाली घालून पुढून जायचे. त्यांच्या बायका मात्र मागच्या दारानं भाजी आणून द्यायच्या. करूरहून संपत आला, सोबत गावाकडचे दोन जाणते घेऊन. बैठक मालनच्याच दुकानात बसली, चहा तिनंच केला.

जाणते म्हणाले, की एकीच्या हट्टापायी सगळ्यांच्या पोटावर पाय येतोय. आपण परमुलखात पाहुण्यासारखे राहतो. संपत म्हणाला, "वहिनी, दादा बी हेच करायचा. त्याच्यापेक्षा तुमी शाण्या का?"

"न्हाई. त्ये करायचे, मी बी केलं," मालन म्हणाली. "आता करायची न्हाई. त्यात शाणपणाचं काय आलं? मन उठलं."

"मग दुकान बंद करा, माज्या पोराला द्या. त्यो संबाळून घील."

"भाऊजी, उपाशी मरीन पर ह्या गल्लीत मरीन. पोराला दुसरी गल्ली बगा."

जाणत्यांनी चहाचे कप ठेवले आणि उठले. तिनं त्यांना गाडीवर पोचवलं, रीतसर नमस्कार केला.

मग तिनं जे केलं ते बोळात कुणी केलं नव्हतं. मागच्या अंगाची भट्टी उचलून पुढं, उंबऱ्याला लागून आणली. तेजाबाचं भांडं परसात ठेवून त्यावर पत्र्याचं धुराडं बसवलं, हणमंतच्या छातीचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. आणि पाटी रंगवणाऱ्याकडून तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: तुमचं सोनं, तुमच्या डोळ्यांपुढं. पेढ्या नाही आल्या तर नाही, लोक थेट येतील, असा तिचा हिशेब.

लोक आले नाहीत. बाजारात एक बोलणं सोडून दिलं होतं, की मराठीणबाईची भट्टी सोनं खाते. राखेत लपवते, मुशीच्या पोटाला चिकटवून ठेवते, वर तांबं मिसळते. परकी बाई, मागंपुढं कुणी नाही, हिला कशाची भीती? पाटी वाचून लोक थांबायचे, भट्टीकडं बघायचे आणि पुढं जायचे. धनकोडी तेवढी अधूनमधून यायची, केळीच्या पानात इडल्या बांधून. अठ्ठ्याऐंशीच्या पैशांत तिचा गाळा सुरू झाला होता. मालन पैसे द्यायला बघायची, ती घ्यायची नाही. मग मालननं फ्रिज विकला, आणि इडल्यांचे पैसे धनकोडीच्या कमरेच्या पिशवीत जबरदस्तीनं कोंबले.

पंगुनी, म्हणजे फाल्गुन-चैत्रातल्या, पोंगलच्या जत्रेला मारिअम्मन देवीच्या देवळापासून बाजारापर्यंत माणसांचा पूर लोटतो. खेड्यापाड्यांतून बाया येतात, नवस फेडायला आणि खरेदीला. त्याच दिवशी संपत पुन्हा आला होता, या खेपेस एकटाच, शेवटचं समजावायला. तो दुकानात बसलेला असताना बाहेर एक म्हातारी आपली तुटकी साखळी हातात घेऊन कुणाकडून तरी पाटी वाचून घेत होती. तेवढ्यात गर्दीतून सुडलै पुढं आला आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "आजी, इथं नको. इथं एका बाजूनं सोनं जातं आणि दुसऱ्या बाजूनं राख येते."

लोक हसले. म्हातारीनं साखळी मुठीत झाकली.

मालन उठून उंबऱ्यावर आली. "सुडलै, तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का राख?"

"सगळा गाव सांगतो."

"गाव इथंच आहे. आज दाखव." तिनं आजीला हात केला. "आजी, तुमची साखळी नको. मी माझं घालते."

आणि तिनं हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या. लग्नापासून निघाल्या नव्हत्या, साबणाचं पाणी लावून ओढाव्या लागल्या. आतून संपत म्हणाला, "वहिनी, पाटल्या नगं." तिनं ऐकलं नाही. पाटल्या तागडीत घालून तिनं वजन समोरच्या पानवाल्याकडून वाचून घेतलं. मग दगडावर घासून रेघ दाखवली. पिवळीधमक, ब्याण्णवच्या सुईशी जुळणारी.

"वरून ब्याण्णव दिसतंय," ती गर्दीला म्हणाली. "पण दगडाला वरचं कळतं, पोटातलं भट्टीला. म्हणून वितळवायचं. बघा आता, काय जातं आणि काय येतं."

मूस तापली. पाटल्या आत गेल्या, मळ कापायला सवागी टाकली. पुढची माणसं मागच्यांना ढकलून बघत होती. मालननं झाकण काढून आत पाहिलं. रसाचा रंग बरोबर नव्हता. ज्या बाईनं इतकी वर्षं सोन्याचा रस पाहिला तिला ते सांगावं लागत नाही. तिनं मागं वळून संपतकडं पाहिलं. संपत जमिनीकडं बघत होता.

तिथं तिला थांबता आलं असतं. मूस फुटली म्हणता आलं असतं, विस्तव कमी पडला म्हणता आलं असतं. तिनं रस साच्यात ओतला. कांडी थंड झाली ती तांबूस. पुढच्या रांगेतल्या पोरीबाळींनाही दिसली.

मालननं कांडीचं वजन पुन्हा पानवाल्याकडून वाचून घेतलं. जेवढं घातलं होतं जवळजवळ तेवढंच भरलं. मग कांडीचा तुकडा तोडून, तेजाबाचा असर आतपर्यंत जावा म्हणून मापानं चांदी मिसळून त्यात उकळायला ठेवला. तासभर तरी लागणार होता. गर्दी हलली नाही. कुणी शेव आणली, कुणी भुईमुगाच्या शेंगा. धनकोडी गाळा सोडून धावत आली आणि मालनच्या शेजारी येऊन बसली. शेवटी तपकिरी चुरा धुऊन, तापवून, पिवळा झाल्यावर मालननं तोलला.

"सदुसष्ट," ती म्हणाली. आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जावा म्हणून पुन्हा म्हणाली, "शंभरात सदुसष्ट. वरून सोन्याचा जाड पत्रा आणि आत तांबं."

हसण्याची लाट उठली. सुडलै मांडीवर थाप मारून म्हणाला, "हिला तर हिच्या घरच्यांनीच टोपी घातली. गलाईवाल्याच्या घरात तांब्याच्या पाटल्या."

"हो, घातली," मालन म्हणाली. "लग्नाच्या मांडवात घातली. आज गावापुढं कळलं, माझं मलाच आधी ठाऊक नव्हतं. पण मी ब्याण्णव सांगितलं का? मुशीत रंग दिसला तेव्हाच मूस फुटली म्हटलं असतं, तर तुमच्यातलं कोण आत डोकावून बघणार होतं? माझं सोनं, माझी अब्रू, माझ्या सासरची लाज, तरी मी सदुसष्टच सांगितलं. मग ह्या आजीच्या साखळीत मी एक टंच तरी कमी का सांगीन? आणि अठ्ठ्याऐंशीच्या कांडीवर तू पंच्याखाली चार बोटं दाखवलीस तर माझ्या तोंडातून चौऱ्याऐंशी कसं निघेल? तीन असोत की चार, बोटं वर काढून दाखव की सगळ्यांना."

सुडलैनं हात पंच्यात घेतले. ते बघून लोक पुन्हा हसले, पण ते हसू त्याच्यावर होतं. जत्रेतल्या माणसाला गंमत कळायला वेळ लागत नाही. ज्यांनी आजवर पेढीवर काही ना काही मोडलं होतं त्यांना बोटांचा अर्थही लगेच कळला, आणि हसणं थांबून कुजबुज सुरू झाली. म्हातारीनं मूठ उघडून साखळी पाटावर ठेवली.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर संपत म्हणाला, "आईनं केलं त्ये. दुष्काळाचं साल हुतं, घरात दाणा नव्हता. पाटल्या बगून लगीन जमायचं हुतं. दादाला म्हाईत नव्हतं. मला हुतं."

मालन भट्टीतली राख काढत होती. "सांगायचं हुतं मग. तांब्याच्या घातल्या असत्या मी. दुष्काळ काय माज्या म्हायेरात नव्हता? पर सोनं म्हणून सांगितलं, आन मी इतकी वरसं त्या हातानं दुसऱ्यांचा टंच काडला."

ती पुढं म्हणाली, की सासूला यातलं काही कळवायचं नाही, म्हातारीनं तिच्या परीनं घर उभं केलं. पण पुन्हा दुकान द्या म्हणून कुणी या उंबऱ्यावर यायचं नाही. संपत मान हलवून गाडीला गेला.

एकदम भरभराट वगैरे काही झाली नाही. पहिल्यांदा आल्या त्या धनकोडीच्या कारखान्यातल्या बाया, एकेक फुली, एकेक मणी घेऊन. मग खेड्यांतले आसारी, म्हणजे सोनार. मग लोकांनी एक नवीच रीत पाडली: आधी मराठी अक्काकडं जाऊन डाग गाळून घ्यायचा, लाख-खडे-मळ जाऊन वजन किती आणि टंच किती ते स्वतः बघायचं, आणि कांडी घेऊन पेढीवर जायचं. आकडा ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकापुढं बोटं हलवून उपयोग नसतो. काही पेढ्यांनी कुरकुरत खरा टंच धरायला सुरुवात केली. बोळातल्या दोन दुकानदारांनीही भट्ट्या पुढं आणल्या. मालनला सांगितलं नाही, पण आणल्या.

वैद्यलिंगम मुदलाळीनं मात्र मरेपर्यंत तिच्याकडं काम पाठवलं नाही. रस्त्यात दिसला तर हात जोडायचा, तीही जोडायची. त्याच्या मुलानं पुढं टंच सांगणारं यंत्र आणलं. काही वर्षांनी मालननंही घेतलं, कर्ज काढून नव्हे, रोखीनं. डाग ठेवला की पडद्यावर आकडा येतो. गिऱ्हाईक खूश होतं. ती मात्र अजून बजावते, की यंत्र कातडी बघतं, शंका असेल तर वितळवून घ्या, आणि डोळ्यांपुढं घ्या.

तिच्या सासरच्या गावात यात्रेच्या वेळी परमुलखातल्या गलाईवाल्यांचा मेळावा भरतो. पुढच्या खुर्च्यांवर दुकानदार, मागं सतरंजीवर बायका. एका वर्षी मालन गेली ती सरळ पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. फेटा बांधलेला एक तरणा कार्यकर्ता लगबगीनं आला आणि अदबीनं म्हणाला, "मामी, बायकांची सोय तिकडं हाय."

"बायकांनी बसावं की तिकडं," मालन म्हणाली. "मी गलाईवाली हाय. इरुदुनगर."

तो गोंधळून इकडंतिकडं बघू लागला. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या, दोघं-चौघं काहीतरी पुटपुटले. मधल्या एका खुर्चीवर संपत बसला होता, केस पांढरे झालेले. तो उठला, आपली खुर्ची पुसून त्यानं तिच्याकडं सरकवली आणि स्वतः शेजारी उभा राहिला. मालन बसली. भाषणं लांबली, पण ती शेवटपर्यंत बसून राहिली, आणि जेवणाची पंगत बसायच्या आत उठून परतीच्या गाडीला निघाली. दुसऱ्या दिवशी एक बाई आजीचा चपलाहार घेऊन येणार होती.